सगळ्यांची एकच म्हैस

आमच्या घरात भिंतींना रंग कधी वेळेवर लागला नाही, पण पत्रकं वेळेवर लागली. आबा, म्हणजे माझे वडील, खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. पाळी संपवून दहिवलीला घरी आले की हातपाय धुवायचे, ओट्यावर पाट घ्यायचे आणि पत्रक लिहायला बसायचे. नळाला पाणी नाही, पत्रक. रेशनवर किडका तांदूळ आला, पत्रक. शिष्यवृत्ती अडली, बसथांब्याचं छप्पर उडालं, पत्रक. ‘क’ कमळाचा शिकण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ ओळखता येत होतं.

पत्रकं भिंतीवर चिकटवायची खळ आई करायची. मैदा, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. माझ्या फ्रॉकच्या पुढच्या भागावर ती खळ वाळून कडक झालेली असायची. आबांचा नियम एकच होता: पत्रकात आहे तेवढंच बोलायचं. मोर्चात कुणी वार्ताहरापुढे स्वतःचं डोकं चालवून दोन वाक्यं जास्त बोललं, की आबा घरी येऊन जेवायचे नाहीत. म्हणायचे, “शब्द बदलला की माणूस फुटला. वाक्य एक पाहिजे, तोंडं हजार.” हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. ते मला खळीसारखंच लागलं आणि वाळलं.

पुढे माझ्या हाती जुना लॅपटॉप आला. दहिवलीच्या क्लासमध्ये आम्हाला कॉपी कसं करायचं ते शिकवलं होतं: माऊसचं उजवं बटण दाबा, यादी उघडेल, तीतून निवडा, मग दुसरीकडे जा, पुन्हा उजवं बटण. एवढ्या वेळात आबांनी हातानं लिहून काढलं असतं. खरं शिक्षण झालं ते कर्जत स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात, जिथं मी कॉलेज संपल्यावर टायपिंगला बसायचे. दुकानाची मालकीण पोरांवर खेकसायची, “माऊस काय कुरवाळताय? मांजर आहे का ते?” शिफ्ट दाबून बाणानं ओळ धरायची, कंट्रोल सी, ऑल्ट टॅबनं दुसऱ्या खिडकीत उडी, कंट्रोल व्ही. कुठून तरी आणलेल्या मजकुराबरोबर त्याचे रंग, त्याचा ठळकपणा येऊ द्यायचा नसेल तर मध्ये शिफ्ट घ्यायचं, म्हणजे नुसती अक्षरं येतात. जुन्या फॉन्टातलं मराठी तसंच उचलून टाकलं तर अक्षरांचा चिवडा होतो, तो आधी बदलून घ्यायचा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: विंडोजचं बटण धरून व्ही दाबलं की आधी उचललेले मजकूर एकाखाली एक उभे राहतात. त्यातला हवा तो टाचून ठेवता येतो. लॅपटॉप बंद केला, पुन्हा लावला, तरी टाचलेला मजकूर जागच्या जागी.

आजकाल ‘कॉपी-पेस्ट’ हे शिवीसारखं वापरतात. कुणाचा लेख आवडला नाही की म्हणतात, कॉपी-पेस्ट केलंय. मला ते कधी पटलं नाही. चोरी वेगळी. पण खरं वाक्य एकदा नीट लिहावं आणि मग ते शंभर जागी उभं करावं, यात लाज कसली? पत्रक म्हणजे दुसरं काय असतं? मी ओट्यावर बसून एकदा आबांना हे सगळं करून दाखवलं. एक परिच्छेद धरला आणि पान भरेपर्यंत कंट्रोल व्ही दाबत राहिले. आबा चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, “हे आमच्या वेळी असतं तर!” पुढं काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचे डोळे चमकले होते.

आमचं मूळ गाव लोधिवलीच्या पुढं, जुन्या हायवेपासून आत. तिथं बौद्धवाडीत आमचं घर आहे आणि त्यात माझी काकी राहते, आबांच्या थोरल्या भावाची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकीकडं दोन म्हशी आहेत. आमच्या वाडीत जमीन जवळजवळ कुणालाच नाही. म्हशी जगतात त्या गावामागच्या माळावर, गुरचरणावर. त्या दुधावर काकीनं मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं. आबांच्या बैठकांना जो चहा उकळत असे, तोही त्याच दुधाचा. लहानपणी मला वाटायचं, चळवळ म्हणजे काकीच्या चुलीवरचं मोठं पातेलं.

यंदा नव्या विकास आराखड्याचा मसुदा लागला आणि त्यात आमचा माळ गोदामांसाठी दाखवला होता. हायवेच्या दोन्ही बाजूंना आधीच पत्र्याची गोदामं उभी आहेत, पांढरी, निळी, खिडक्या नसलेली. आता ती आत सरकणार होती. मसुद्याखाली लिहिलं होतं की नागरिकांनी ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना लेखी द्याव्यात. मी तो नकाशा फोनवर मोठा करून पाहिला. आमच्या माळावर जांभळा रंग होता. त्या जांभळ्या चौकोनात कुठं म्हैस नव्हती, कुठं वाट नव्हती. माझं डोकं तडकलं.

मी हरकत लिहिली. चांगली लिहिली, हे आजही म्हणेन. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: ‘म्हैस ही आमच्या घरातली कमावती बाई आहे आणि हा माळ तिचं ताट आहे; ते ताट ओढून घेणारा विकास आम्हाला नको.’ लिहिताना डोळ्यांपुढं काकी होती, पहाटे म्हशी सोडणारी, पदर खोचलेली. आबांनी वाचलं आणि एकही शब्द न बदलता परत दिलं. त्यांच्याकडून याहून मोठी पावती मला कधी मिळालेली नाही.

मग एका दुपारी काकीच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले. आबा घराघरांतून नावं आणि पत्ते आणत होते. मी वरचं नाव बदलायचे, खालचं नाव बदलायचे, मधला मजकूर टाचलेला होताच. एक कागद तयार व्हायला चहाचा घोट घ्यावा तेवढाच वेळ. हायवेवरच्या चौक गावात जाऊन छापून आणले. सह्यांना सगळी वाडी जमली, मग गावातलेही आले.

“काय लिवलंय गं ह्याच्यात?” शेजारचे एक दादा म्हणाले. रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. गावभर स्कूटरवर फिरतात म्हणून त्यांना सगळे स्कूटरवाले दादा म्हणतात.

“माळ वाचवायचं लिहिलंय, दादा.”

“मंग आन हिकडं. माळासाठी दोन सह्या करतो.”

“एकच करा. दुसरी केलीत तर खोटी ठरेल.”

काकी सगळ्यांत शेवटी आली, हात पदराला पुसत. कागद उलटा-सुलटा पाहिला. “म्हशीचं हाय वाटतं.”

“तुमच्याच म्हशीचं आहे, काकी.”

“बरं,” ती म्हणाली आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खालापूरला गेलो. आबा, स्कूटरवाले दादा, मी आणि तो गठ्ठा. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कार्यालयात हरकती घ्यायला एक अधिकारी बाई बसल्या होत्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग वरचा कागद वाचला. नीट वाचला, हे मी पाहत होते. खालचा घेतला, तो अर्धा वाचला. मधूनच एक उपसला, त्यावर नुसती नजर टाकली. आणि शिपायाला म्हणाल्या, “हे सगळं एकत्र टाचा. एक नंबर द्या.”

मला वाटलं, गठ्ठ्याला नंबर देतायत, आतल्या कागदांना पुढं देतील. म्हणून विचारलं, “आणि प्रत्येकाचा वेगळा?”

“मजकूर एकच आहे ना? एकसारख्या मजकुराच्या हरकती एक मुद्दा म्हणून धरतो आम्ही. सह्या मागे जोडलेल्या राहतील.”

“पण माणसं वेगळी आहेत!” माझा आवाज चढला. “गाव आहे सगळं!”

“माणसं मोजायला मतदान असतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “इथं म्हणणं बघतात. म्हणणं एक आलंय.” मग त्यांनी उपसलेला कागद पुढं धरला. “हे गृहस्थ कोण?”

“मी, म्याडम,” स्कूटरवाले दादा उठून उभे राहिले.

“तुमच्याकडं म्हशी किती?”

“म्हैस नाय वो, म्याडम. स्कूटर हाय.”

“यात तर लिहिलंय, म्हैस ही आमच्या घरातली कमावती बाई आहे.”

दादांनी माझ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. “आमच्या घरातली कमावती बाई आंगनवाडीत हाय,” ते म्हणाले. “तिला ह्ये वाचून दाखवू नका म्हंजी झालं.”

शिपाई हसला. बाईंनाही हसू आलं, ते त्यांनी कागदामागं लपवलं. मी हसू शकले नाही. मला अपमान वाटत होता, पण तो नेमका कुणी केला ते सापडत नव्हतं. बाई उद्धट नव्हत्या. लाच मागितली नव्हती, गठ्ठा नाकारला नव्हता. पत्रकात ज्यांच्यावर तुटून पडायला मी शिकले होते, त्यांच्यातलं इथं कुणीच नव्हतं. उलट त्या म्हणाल्या, “मुदत शुक्रवारपर्यंत आहे. प्रत्येकाला आपल्या शब्दांत लिहू द्या ना. चार ओळी चालतील. ते वजनदार होतं, हे तुमच्या भल्यासाठी सांगतेय.”

बाहेर आल्यावर रसाच्या गाड्यावर आम्ही थांबलो. आबांनी ग्लास घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“फोडायची युक्ती आहे ही,” ते म्हणाले. “एकेकाला वेगळं बोलायला लावायचं. वेगळं बोलला की वेगळं वागतो. मग एकेकाला गाठायचं.”

“पण आबा, एक नंबर म्हणजे एका माणसाची हरकत आणि आपल्या गावाची हरकत सारखीच झाली.”

“तर होऊ दे. वाक्य आपलं आहे.”

“रस प्या वो,” स्कूटरवाले दादा म्हणाले. “माशी पडंल. ती बी हरकत घ्यायला बसलीय.”

मी त्या दिवशी पहिल्यांदा आबांचं न ऐकता, नवे कागद लिहायला गावाच्या टेंपोत बसले. आबाही मागून चढले.

पुन्हा तोच ओटा, तोच लॅपटॉप. कार्यालयाचा पत्ता, विषय, माळाचा सर्व्हे नंबर, खाली ‘आपला विश्वासू’ आणि सहीची जागा, एवढं टाचून ठेवलं. ते एका झटक्यात कागदावर यायचं. मध्ये पांढरी जागा उरायची. मी समोरच्याला विचारायचे, “तुम्हाला माळ का हवा?” आणि समोरचा माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा, जणू मी त्याला गाणं म्हणायला सांगितलंय.

“तूच लिव की. तुला येतं.”

“मला येतं ते मागं लिहिलं. आता तुमचं सांगा.”

“माजं काय निराळं आसनार?”

हे पहिल्या तीनचार जणांनी म्हटलं. मग स्कूटरवाले दादा येऊन बसले. ओट्याच्या कडेला नखानं ओरखडे काढत म्हणाले, “माझ्या घरात मोबाईलला रेंज येत नाय. माळावर येते. पोरगी नाशकाला दिलीय. रोज संध्याकाळी माळावर जाऊन तिच्याशी बोलतो. घरात बोलता येत नाय, तिची आई रडायला लागते. ह्ये लिवलं तर चालंल का?”

“चालेल,” मी म्हणाले.

त्यानंतर लोकांची जीभ सुटली. शेजारच्या घरातल्या एका नव्या सुनेनं सांगितलं की गावातल्या बायकांना बसून बोलायला माळाशिवाय जागा नाही, देवळाच्या पारावर पुरुष पत्ते खेळतात. गावातल्या एका शेतकरी मामांनी राबाचं सांगितलं. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेणी, पाला, गवत पसरून भाजून काढतात, तो राब. त्याचं गवत आणि पाला माळावरचा. “राब नाय भाजला तर रोपात तणाचं रानच जास्त,” ते म्हणाले. एक म्हातारे बाबा काठी आपटत आले. “माजं गावाशी भांडान हाय,” त्यांनी आधीच बजावलं, “तुझ्या बापाशी बी हाय. पन माळाशी नाय. तेवडंच लिव, बाकी गोड काय लिवू नको.” मी तेवढंच लिहिलं. आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते पुढं सरकले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

मला वेड लागल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं मी ‘जनता’ हा शब्द लिहीत आले, आणि यातलं एकही वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. एकाचं दुसऱ्यावर चिकटवता येईल असं काहीच नव्हतं. कंट्रोल आणि व्ही फक्त पत्त्यापुरते उरले होते.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा काकी गोठ्यातून आली. हात धुतले, माझ्यासमोर मांडी घालायला गेली, गुडघ्यानं घालू दिली नाही, म्हणून पाय लांब करून बसली.

“काकी, तुमचं तर मला पाठच आहे,” मी म्हणाले. “पण सांगा.”

“लिव. माळ जाऊ दे.”

मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकतंय. “काय?”

“गोडाऊन हुंदे. माजी ना नाय. तसं लिव.”

ओट्यावर दोनतीन बायका होत्या, त्या काकीकडं वळल्या. आबा कोपऱ्यातून म्हणाले, “वहिनी, काय बोलताय काय?”

“भावजी, तुमी बसा. तुमचं आजवर आयकलंच हाय मी.” तिचा आवाज चढला नव्हता. ती माझ्याकडंच बघत होती. “पोरी, तुझ्या कागदात मी कमावती बाई हाय न्हवं? नाय, म्हस कमावती बाई हाय. मंग मी कोन? पहाटं उठून शेन कोन काढतं? तुझ्या कागदात दूध हाय, माळ हाय. शेन नाय कुठं.”

“काकी, पण म्हशींवरच तर...”

“व्हय, म्हशीवरच. पोराला वाढवलं, लगीन केलं, तुमच्या बैठकीला च्या पाजला. केलं ना? आता नको झाल्यात मला म्हशी. ह्या म्हशी हायत तवर मला येक रात माह्यारला ऱ्हाता आलं नाय. सून आली, तिला बी त्याच दावनीला बांधू? गोडाऊनला प्याकिंगला बाया घेतात. सावलीत उभं ऱ्हायचं, डबा खायचा, घरी यायचं.”

“आपल्या बायकांना घेतील का, वहिनी?” आबा आता उभे राहिले होते. “बाहेरून माणसं आणतात ते. हायवेवरच्या गोदामात आपल्या वाडीतलं कोण आहे, सांगा.”

“नाय घ्यायचं तर नाय घेनार. ईचारायला तरी जाईल ना ती?”

“आणि माळ एकदा गेला की परत येत नाही, काकी,” मी म्हणाले.

“गुडगं तरी कुठं परत येतात गं?”

मी अजूनही मानते की तिचं चूक आहे. माळ एकटा तिचा नाही, गोदामाचा भरवसा नाही, तिथं सुनेला सावली मिळेल की नुसता पत्रा मिळेल ते कुणी सांगावं. हे सगळं माझ्याकडं होतं, मुद्देसूद होतं. पण मी जिच्याकडं बघून ते वाक्य लिहिलं होतं, ती बाई माझ्यासमोर पाय लांब करून बसली होती आणि त्या वाक्यात नव्हती. तिनं ते सही करून दिलं होतं, कारण कागद मी आणला होता. मग बाकीच्यांचं काय? आबांच्या पत्रकांखाली आजवर जी नावं आली, त्यातली किती माणसं त्या मजकुरात होती?

“हरकतीच्या गठ्ठ्यात संमती कशाला?” आबा मला म्हणाले. “ते टाईप करू नकोस. समोरच्याला आयतं हत्यार द्यायचं का?”

मसुद्याखाली नुसत्या हरकती नव्हे, ‘हरकती व सूचना’ असं लिहिलेलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. समोर पांढरी जागा होती. जुना परिच्छेद अजून टाचलेलाच होता. विंडोज आणि व्ही, मग एकदा एंटर, आणि काकीच्या नावाखाली कमावती म्हैस पुन्हा उभी राहिली असती. काकीनं ती वाचायचा त्रासही घेतला नसता. आबा माझ्या बोटांकडं पाहत होते.

मी एकेक अक्षर टाईप केलं. वाचून दाखवलं: ‘मी म्हशी पाळते. मी आता थकले आहे. माळावर गोदाम झाले तर माझी हरकत नाही. माझ्या सुनेला तिथे काम मिळावे.’

“थकले नको,” काकी म्हणाली. “थकलेली बाई कुनाला लागत नाय. कंटाळले लिव. आन मिळावे काय, भीक मागतोय का? मिळालं पायजे लिव.”

मी बदललं. आबा पायात चपला सरकवून बाहेर गेले.

शुक्रवारी काकी स्वतः आमच्याबरोबर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. टेंपोत माळ वाचवणारे सगळे आणि मध्ये ती, मांडीवर पिशवी. कार्यालयात त्याच बाई होत्या. त्यांनी या वेळी प्रत्येक कागद वाचला. रेंजचा वाचून त्यांनी दादांकडं पाहिलं, नंबर टाकला. भांडण असलेल्या बाबांचा वाचून भुवया वर केल्या, नंबर टाकला. काकीचा कागद आला तेव्हा त्या थांबल्या.

“ही हरकत नाही. ही बाजूनं आहे. वेगळी ठेवावी लागेल.”

“ठिवा,” काकी म्हणाली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा एकटा कागद ठेवला गेला. तिनं तो जरा वेळ निरखला. “त्यावर बी नंबर टाका म्हंजी झालं.”

बाईंनी टाकला.

परतीच्या टेंपोत, चौक मागं पडल्यावर स्कूटरवाले दादांना राहवलं नाही. “काकी, गोडाऊन झालं तर मला वॉचमन ठिवायला सांग गं.”

“तुला? तू दिवसा झोपतोस. तुलाच उचलून नेतील.”

टेंपो हसला. आबा नाही हसले. गावाच्या फाट्यावर काकी उतरताना त्यांना म्हणाली, “च्या घेऊन जावा, भावजी.” आबा म्हणाले, “उशीर होतोय,” आणि तसेच पुढं दहिवलीला गेले. त्या घरचा चहा आबांनी नाकारलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मी उतरले. काकीनं चूल पेटवली, पातेल्यात दूध ओतलं. मी मनाशी ठरवून आलेलं बोलून टाकलं, कारण ते पोटात ठेवून तिचा चहा पिणं मला जमलं नसतं. “काकी, सुनावणी लागेल तेव्हा मी माळाच्या बाजूनं बोलणार आहे. तुमच्याविरुद्ध.”

ती पातेल्यात बघत होती. “बोल की. जोरात बोल. बापासारखी बोलतेस तू, चांगलं बोलतेस.” मग चमचा पातेल्याच्या काठावर आपटून ती वळली. “माझ्या इरुद्ध बोल. माझ्या नावानं तेवडं बोलू नको.”

तिनं कप माझ्यापुढं सरकवला. बाहेर सकाळपासून बांधलेल्या म्हशी माळाच्या दिशेनं तोंड करून ओरडत होत्या. सकाळी बाहेर गेलेली सून अजून आली नव्हती. काकी गुडघ्यावर हात टेकून उठली, दावी सोडायला गेली, आणि मी कप हातात धरून तिथंच बसून राहिले.